निवेदकाचे उच्चासन आणि जेम्स केलमन

१९९४ साली बुकर पारितोषिक ‘हाउ लेट इट वॉज, हाउ लेट’ या कादंबरीस जाहीर झाले, तेव्हा परीक्षक मंडळातीलच ज्यूलिया न्यूबर्गर यांनी त्या निर्णयास उघडपणे लाजिरवाणा म्हटले, आणि सायमन जेंकिन्स यांनी ‘द टाइम्स’मधून त्या ग्रंथाची संभावना वाङ्मयीन विध्वंस अशी केली. पुढे कित्येक दिवस वृत्तपत्रांतून कादंबरीतील शिव्यांची मोजदाद चालली होती. परंतु त्या शिव्या ज्याच्या तोंडी आहेत तो मनुष्य कोण, त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरला आहे, आणि त्याची हकिकत त्याच्याच भाषेत सांगण्याचा आग्रह लेखकाने का धरला, याची चौकशी करण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. स्कॉटिश लेखकास ते पारितोषिक प्रथमच मिळत होते. स्वीकाराच्या भाषणात जेम्स केलमन यांनी आपल्या संस्कृतीस व भाषेस अस्तित्वाचा हक्क आहे एवढेच निक्षून सांगितले. तरीही शिवराळ लेखक हा जो शिक्का त्या वर्षी त्यांच्यावर बसला तो आजतागायत पुरता पुसला गेलेला नाही.

केलमन यांचा जन्म १९४६ मध्ये ग्लासगो येथे झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी छापखान्यात जुळाऱ्याच्या कामाची उमेदवारी केली, बसवर वाहकाचे काम केले, मँचेस्टरला अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात मजुरी केली, आणि मधल्या काळात बेकारीही सोसली. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी फिलिप हॉब्सबॉम यांच्या लेखनवर्गात अ‍ॅलस्डेर ग्रे, टॉम लेनर्ड आणि लिझ लॉकहेड यांचा सहवास त्यांना लाभला. पहिला कथासंग्रह १९७३ मध्ये निघाला तो अमेरिकेतील मेन राज्यातल्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेकडून. पहिली कादंबरी ‘द बसकंडक्टर हाइन्स’ प्रसिद्ध होण्यास १९८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या बुकर समितीचे अध्यक्ष, इतिहासकार रिचर्ड कॉब, यांना एक आख्खी कादंबरी ग्लासगोच्या बोलीत लिहिलेली पाहून धक्काच बसला होता.

या धक्क्याचे मूळ इंग्रजी कादंबरीच्या घडणीतच आहे. कष्टकरी माणसाचे चित्रण तेथे पूर्वीही पुष्कळ झाले. परंतु त्याचे बोलणे अवतरणचिन्हांच्या कुंपणात, विकृत वर्णलेखनाने चिन्हांकित करून ठेवावयाचे आणि त्याच्या भोवतीचे निवेदन मात्र सुशिक्षितांच्या निर्दोष भाषेत चालवावयाचे, असा तेथील रिवाज होता. त्यामुळे लेखक कितीही सहृदय असला तरी तो वाचकासह एका उच्चासनावर बसतो, आणि खालच्या माणसाला केवळ साक्षीदार म्हणून बोलण्याची मुभा मिळते. (आपल्या ग्रामीण कथेतही निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ही वाटणी दीर्घकाळ बिनतक्रार चालत आली आहे, हे मराठी वाचकाने येथे आठवावे.) केलमन यांनी ते उच्चासनच काढून टाकले. अवतरणचिन्हे गेली, निवेदन आणि संवाद एकाच भाषेत वाहू लागले, आणि तृतीयपुरुषी वाक्य अर्ध्यावर येता येता पात्राच्या स्वगतात असे मिसळू लागले की लेखकाचा स्वतंत्र स्वर शोधूनही सापडू नये. काफ्का, चेखव्ह आणि बेकेट यांच्यापासून ते पुष्कळ शिकले. इंग्रजी कादंबरीच्या प्रशस्त राजमार्गापासून मात्र बुद्धिपुरस्सर दूर राहिले.

‘हाइन्स’मध्ये घटना अशी जवळजवळ नाहीच. रॉब हाइन्स हा वाहक पत्नी सँड्रा आणि लहानगा मुलगा पॉल यांच्यासह एका जुन्या इमारतीतील अपुऱ्या बिऱ्हाडात राहतो; कामावर उशिरा पोचतो, ठपके घेतो; एकट्या चालकाच्या बसगाड्या आल्यामुळे आपला पेशाच संपणार हे त्याला ठाऊक आहे. पुढे त्याला स्वतःच्या वेळात, विनामोबदला, मुख्य कचेरीत हजर होण्याचा हुकूम मिळतो, तो त्यास नकार देतो, आणि त्या नकारातून संपाचे प्रकरण उभे राहते. एवढ्या अल्प सामग्रीतून केलमन एका कल्पक, विनोदी, खिन्न आणि आपल्या माणसांवर जीव टाकणाऱ्या बुद्धिमान मनाचे जे दर्शन घडवितात, ते माझ्या मते त्यांच्या साऱ्या लेखनातील सर्वांत समृद्ध दर्शन होय. दारिद्र्याचे प्रदर्शन येथे कोठेही नाही. हाइन्सला आपल्या विचारांची जी श्रीमंती आहे ती ओळखण्यास मालकवर्गाचा निवेदक असमर्थ ठरला असता, हे पानोपानी प्रत्ययास येते.

त्यानंतरच्या ‘अ चान्सर’मध्ये टॅमस या तरुण जुगाऱ्याच्या मनात डोकावण्याचे लेखकाने कटाक्षाने टाळले आहे; हा प्रयोग शिस्तीचा असला तरी काहीसा कोरडा आहे. ‘अ डिसअफेक्शन’ १९८९ मध्ये बुकरच्या अंतिम यादीत आली. आपण व्यवस्थेचेच काम करीत आहो या जाणिवेने पोखरलेला पॅट्रिक डॉइल हा शिक्षक तिच्यात आहे.

‘हाउ लेट’चा नायक सॅमी दारूच्या धुंदीतून एका बोळात जागा होतो, साध्या वेशातील पोलिसांशी स्वतःहून कुरापत काढतो, बेदम मार खातो, आणि कोठडीत शुद्धीवर येतो तो दृष्टी गमावूनच. घरी परतल्यावर कळते की सोबतीण हेलन निघून गेली आहे. येथून पुढची कादंबरी म्हणजे एका आंधळ्या माणसाची कचेऱ्यांशी गाठ आहे. सरकारी मदतीसाठी जबानी देताना पोलिसांनी मारले हे वाक्य दप्तरात नोंदले की त्याचे परिणाम काय होतील, याचा हिशेब त्याला शब्दागणिक करावा लागतो. अंधत्वाच्या दाखल्यासाठी गेल्यावर डॉक्टर तो आंधळा आहे असे काही केल्या म्हणत नाही. आणि नुकसानभरपाईचे वचन देत आलेला मध्यस्थ त्याची कैफियत त्याच्याच हातून काढून घेऊ पाहतो. कचेरीची भाषा सभ्य आणि निर्मळ आहे, पण ती माणसाला नाहीसे करते. सॅमीची भाषा ओबडधोबड आहे, पण तिच्याच आधाराने तो भिंती चाचपीत, पावले मोजीत, धीर न सोडता पुढे जातो. ज्यांनी त्याच्या शिव्या मोजल्या त्यांना या दोन भाषांमधील हा नैतिक संघर्ष दिसू नये, ही समीक्षेची मोठीच नामुष्की होय.

नंतरच्या लेखनाविषयी इतका निःशंक गौरव करता येत नाही. ‘ट्रान्सलेटेड अकाउंट्स’ (२००१) या कादंबरीत एका अनामिक दडपशाहीच्या प्रदेशातील जबान्या मोडक्या भाषांतराच्या रूपाने येतात; कल्पना थोर आहे, परंतु ग्लासगोचा जिवंत उच्चार हरपताच पाने निर्जीव होतात. ‘किरॉन स्मिथ, बॉय’ (२००८) या मुलाच्या मुखातून आलेल्या बालपणाच्या कादंबरीत मात्र तो उच्चार पुन्हा सर्व सामर्थ्यानिशी परततो. ‘मो सेड शी वॉज क्वर्की’ (२०१२) मध्ये लंडनच्या जुगारगृहात रात्रपाळी करणारी ग्लासगोची हेलन आहे, आणि तिचा सोबती मो दक्षिण आशियाई कुटुंबातला आहे. स्त्रीच्या मनाची अखंड भीती येथे केलमन यांनी मोठ्या समजुतीने टिपली आहे.

आर्व्हिन वेल्श यांच्या ‘ट्रेनस्पॉटिंग’ला जी लोकप्रियता लाभली ती केलमन यांना कधीच लाभली नाही, कारण थरार आणि उपकथानक यांची सवलत ते वाचकास देत नाहीत. पण वेल्श यांच्या पिढीस बोलीत निवेदन करण्याचे धैर्य पुरविणारे लेखक तेच. आणि २०२० मध्ये ‘शगी बेन’साठी बुकर मिळविणारे दुसरे स्कॉटिश लेखक डग्लस स्टुअर्ट यांनी ‘हाउ लेट’चे ऋण जाहीरपणे मान्य केले आहे. मराठी वाचकाने केलमन यांच्याकडे वळावे, आणि वळताना पारितोषिकाच्या ग्रंथाआधी ‘द बसकंडक्टर हाइन्स’ हाती घ्यावे. पहिली तीसएक पाने बोली अडखळविते, तेवढी ती सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचावीत.