‘स्पर्श’ आणि आपली कीव

आंधळ्या-पांगळ्यांविषयी आपल्या भाषेत म्हणींचा तोटा नाही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. वासरात लंगडी गाय शहाणी. या म्हणी निर्दय खऱ्याच. पण त्यांच्याहून अधिक नुकसान आपल्या मऊ अंतःकरणाने केले आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. १९६४ सालचा ‘दोस्ती’ आठवा. एक मुलगा अंध, दुसरा पायाने अधू. गाणी गोड, मैत्री निर्मळ. आयाबायांचे पदर ओले झाले यात नवल ते काय! पण रडून झाल्यावर प्रेक्षक मोकळा होतो. त्या पोरांचे आपण काही देणे लागतो, हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ मला मोलाचा वाटतो तो याच कारणासाठी. हा हिंदी चित्रपट १९८० च्या सुमारास तयार झाला. थिएटरांत यायला त्याला पुढे जवळजवळ चार वर्षे लागली. दिल्लीतील अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार स्वतः अंध आहे. डॉक्टरकडे निघालेला हा गृहस्थ एका बाईच्या गाण्याचा सूर ऐकून भलत्याच दारी जाऊन उभा राहतो. ती कविता, नवऱ्याच्या मृत्यूने खचलेली. पुढे ती शाळेत मुलांना शिकवू लागते आणि दोघे जवळ येतात. इथवर कथा कुणालाही सुचेल.

खरी गंमत आहे ती कॉफीच्या प्रसंगात. अनिरुद्ध कविताला आपल्या कचेरीत कॉफीला बोलावतो. ती सवयीने पुढे होऊन कॉफी देऊ लागते, आणि तो संतापतो. प्रसंग केवढासा! पण यजमान तो आहे. पाहुण्याचे आगत-स्वागत करण्याचा त्याचा मान तिने न कळत हिरावून घेतला. वाचकहो, दिवाळीच्या फराळाला आलेल्या एखाद्या अंध नातेवाइकाच्या हातातले ताट आपण किती तत्परतेने काढून घेतो! त्यात प्रेम असते, हे कबूल. पण त्याला विचारतो कोण?

या माणसाला देवमाणूस केले नाही, ही लेखिकेची दुसरी समज. अनिरुद्ध हेकट आहे, कधी कधी अन्यायीही. कविता आपल्याशी लग्न म्हणजे त्याग समजते, या संशयाने तो ठरलेले लग्न मोडतो. नसिरुद्दीन शहांनी हा ताठा इतका खरा केला आहे, की त्याचा राग येतो. आणि अंध माणसाचा राग येणे ही आपल्या पडद्यावर नवीच गोष्ट होती.

उणीव मात्र आहे, आणि ती लहान नाही. सारा संघर्ष दोन मनांत घडतो. शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्या मुलांना नोकरी कोण देणार, बस कशी सापडणार, याकडे कथा फारशी वळतच नाही. जणू अनिरुद्धाचा अहंकार विरघळला की प्रश्न सुटला! त्यानंतर २०१६ चा कायदा आला. सरकारी नोकऱ्यांत निदान चार टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. मधल्या काळात ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्दही आला. (शब्द बदलायला गवंडी लागत नाही, पायऱ्यांशेजारी उतार बांधायला लागतो.) जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपटांतून अपंगांचे चित्रण कसे व्हावे, याविषयी दंडक घालून दिले.

आणखी एक गोष्ट. ‘स्पर्श’मध्ये अंधशाळेतील खरीखुरी मुले आहेत. पण कॉफीचा तो प्रसंग अंध प्रेक्षकाला कळावा कसा? कोणाचा हात कुठे गेला, चेहरा कसा बदलला, हे संवादांत उमटत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने थिएटरांतील चित्रपटांना दृश्यांचे बोलके वर्णन आणि बहिऱ्यांसाठी लेखी संवाद जोडण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. असे वर्णन ‘स्पर्श’ला कोणी जोडले, तर त्या मुलांच्या पुढच्या पिढीला शेजारच्या खुर्चीवरील माणसाला ‘आता काय झालं?’ असे विचारावे लागणार नाही.