ल्युसी रीची बटणं

ल्युसी रीची गोष्ट साधारण अशी सांगतात: व्हिएन्नात नाव कमावलेली ही ज्यू कलावंत १९३८ साली नाझींमुळे लंडनला आली, युद्धाच्या काळात पोटासाठी सिरॅमिकची बटणं केली आणि मग एकदाची ‘खऱ्या’ कामाकडे वळली. बटणं एका वाक्यात उरकतात. मला ही मांडणी पटत नाही.

त्यात थोडा स्वार्थ आहे. मी दिवसभर दुसऱ्याच्या रिक्वायरमेंटप्रमाणे कोड लिहितो. हे पोटासाठी, खरं काम नंतर, असं आमच्यातले बरेच जण स्वतःला सांगत असतात. ते ‘नंतर’ येईल तेव्हा हातात काय उरलं असेल, ही माझी भीती.

बटणांचं काम क्लायंटचंच होतं. फॅशनवाल्यांच्या कापडाला रंग तंतोतंत जुळला पाहिजे. तिने साचे केले, हाताखाली माणसं घेतली. १९४६ साली हान्स कोपर हा तरुण निर्वासित याच कामाला आला, मातीचा काहीही अनुभव नसताना. पुढे तो स्वतः मोठा कलाकार झाला. आणि कापडाशी रंग जुळवता जुळवता रीचा ग्लेझवर हात बसला.

ऑफिसच्या कामाने लंडनला गेलो होतो, तेव्हा व्ही अँड ए म्युझियममध्ये तिचे बाउल पाहिले. बूड एवढंसं, त्यावरून भिंत एकदम उघडत जाते. काठ पातळ, तपकिरी. अंगावर सुईने ओरखडलेल्या रेघा. काचेआडून वजन कळत नाही, पण ओंजळीत धरावासा वाटतो. साधारणपणे भांडं आधी भाजतात, मग ग्लेझ देऊन पुन्हा भाजतात. री कच्च्या मातीवरच ब्रशने ग्लेझ द्यायची आणि एकदाच भाजायची. त्यामुळे रंग वरून फासलेला वाटत नाही, मातीतूनच आल्यासारखा वाटतो.

इंग्लंडमधल्या कुंभारकामात तेव्हा बर्नार्ड लीचचा शब्द चालायचा. त्याला दणकट, पौर्वात्य वळणाची भांडी आवडत. रीची फार पातळ वाटली. तिने काही दिवस त्याच्या वाटेने जाऊन पाहिलं, मग कोपरच्या आग्रहाने आपल्या पातळ भांड्यांकडे परतली.

म्हणून बाउल म्हणजे मोठी बटणं, असं मी म्हणणार नाही. बटण कापडाशी जुळलं की काम संपलं. बाउलसमोर कापडच नाही. कधी थांबायचं, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. हात बटणांनी तयार केला, पण हा निर्णय बटणांनी शिकवला नाही. तो लीचला नकार देताना आला असावा.

१९८९ मध्ये इस्से मियाकेने तिची जुनी बटणं आपल्या कपड्यांना लावली. तोवर ती ऐंशीच्या पुढे गेली होती. बटणं तीच होती, फक्त आता कापड त्यांच्यासाठी निवडलं गेलं.