तलवारीवरची ओळ आणि वारसाचा हक्क

29 एप्रिल 2025 रोजी लंडनच्या सोथबीज लिलावगृहात एक तलवार विक्रीला आली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे (1695-1755) यांची ती तलवार. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. सर्व खर्च धरून 47 लाख 15 हजार रुपये पडले. 18 ऑगस्टला ती मुंबईत आली तेव्हा तिची मिरवणूक निघाली. आनंद झालाच पाहिजे. पण साहित्याच्या अभ्यासकाने गुलाल खाली बसल्यावर तलवारीवरची अक्षरेही वाचावीत.

पात्यावर देवनागरीत सोन्याच्या पाण्याने एक ओळ आहे : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. सेनासाहेब सुभा हा किताब छत्रपती शाहू महाराजांनी दिलेला. त्यातील 'साहेब' आणि 'सुभा' अरबी-फारसीतून मराठीत आलेले. 'फिरंग' म्हणजे युरोपी पात्याची तलवार, हा शब्दही फारसीच्या वाटेने आला. पाते युरोपचे, अक्षरे देवनागरी, किताब साताऱ्याचा, शब्द अर्धे फारसी. अठराव्या शतकातील मराठी अशी होती आणि तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते. फारसी शब्द वेचून बाहेर काढू पाहणाऱ्यांनी या ओळीतून ते काढून पाहावेत. राजाचे नाव उरेल, त्याचा हुद्दा नाहीसा होईल.

आता प्रश्न वारसाचा. 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून 1854 मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात गेले. ज्या घराला वारस नाही असे ठरवून त्याच्या वस्तू विकल्या, त्याच घराची वस्तू पुढे लिलावातच विकत घेऊन परत आणावी लागली. हिला खरेदी म्हणावे, परतफेड म्हणू नये. आपल्या परंपरेत अमानतीचा अर्थ वेगळा आहे. हिजरतीच्या रात्री पैगंबरांनी (स.) हजरत अलींना मक्केत मागे ठेवले ते लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला पोचविण्यासाठी. त्या ठेवींचे धनी बहुतेक विरोधकच होते. तरीही कोणाकडून मोबदला घेतला नाही.

आणि नागपूरचे वारस तरी किती? हे शहर 1702 च्या सुमारास गोंड राजा बख्तबुलंद शाह याने वसविले. त्याने इस्लाम स्वीकारला होता. पुढे रघूजींनी 1743 मध्ये सत्ता हाती घेतली, पण बुऱ्हाण शाहाला नावाचा राजा ठेवून महसुलाचा वाटा त्याच्याकडे राहू दिला. जिंकणाऱ्यानेही आधीच्या धन्याची आठवण पुसली नाही. खालसा करणाऱ्यांना एवढेही जमले नाही.

तलवारीवर पहिला हक्क भोसल्यांच्या वंशजांचा आहे, हे कोणीही मान्य करील. शासन तिचे राखणदार आहे, मालक नव्हे, हेही उघडपणे मान्य व्हावे. नागपुरात 1863 पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. तलवार जिथे असेल तिथे तिच्या शेजारी ही ओळ शब्दार्थासह लावावी, बख्तबुलंदाचे नाव असावे, 1854 सालही असावे. मोमीनपुऱ्यातून वडिलांचे बोट धरून आलेल्या मुलाला त्या ओळीत आपल्या घरातले शब्द सापडतील. त्याच्या वाट्याचा वारसा तेव्हा त्याला मिळेल. त्यासाठी लिलावात बोली लावावी लागत नाही.