खलाची मुलूखगिरी : फ्रेडी ब्लासी आणि अमेरिकी कुस्तीचे इलाखे

१

एप्रिल १९६२ मध्ये जपानी वृत्तपत्रांत एक चमत्कारिक बातमी आली. दूरचित्रवाणीवर कुस्ती पाहता पाहता काही वयस्कर प्रेक्षकांचा हृदयविकाराने मृत्यू झाला, असे त्या बातमीत म्हटले होते. पडद्यावर सोनेरी केसांचा एक अमेरिकी मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या कपाळाला चावत होता आणि त्या कपाळातून रक्त वाहत होते. या मल्लाचे नाव फ्रेडी ब्लासी. पुढे आयुष्यभर तो या मृत्यूंविषयी पश्चात्तापाने बोलण्याऐवजी मिशीला पीळ देऊन बोलत आला आणि मृतांचे मोठमोठे आकडे सांगत राहिला.

ज्या कुस्तीत हे घडले तिचा निकाल आधीच ठरलेला होता. चावा ठरलेला होता, कोण कधी पडणार हेही ठरलेले होते. रक्त मात्र खरे होते आणि पाहणाऱ्यांचा धसकाही खरा होता. आपल्याकडे अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि हा शब्द शिवीसारखाच वापरतात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात चितपट कुस्ती पाहत वाढलेल्या रसिकाला असला प्रकार फसवणूकच वाटणार. साठच्या दशकात मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्रीस्टाईल’ला तोबा गर्दी झाली, तरी त्या प्रकाराची गंभीर चिकित्सा मराठीत फारशी कोणाला करावीशी वाटली नाही. खोट्याची कसली चिकित्सा करायची, असा त्यामागचा विचार असावा.

पण नाटकातला भीम दुःशासनाला खरोखर मारत नाही म्हणून आपण नाट्यसमीक्षा सोडून दिलेली नाही. ठरीव कुस्ती ही क्रीडा नसून प्रयोगकला आहे हे एकदा मान्य केले, की तिच्यातल्या भूमिका, अभिनय आणि प्रेक्षकांशी असलेले नाते तपासता येते. या प्रयोगाचा खरा कर्ता बहुतेक वेळा खलनायक असतो. लढतीची लय तोच सांभाळतो, नायकाला मार खाण्याची आणि मग उसळी घेण्याची संधी तोच देतो. प्रस्तुत लेखात ब्लासीच्या चार दशकांहून मोठ्या कारकिर्दीकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. तिला विचारायचा प्रश्न असा, की या माणसाने जो द्वेष कमावला त्यातला किती त्याच्या कलेचा होता आणि किती प्रेक्षकांच्या मनात आधीपासून साठलेला, त्याने केवळ उसना घेतलेला होता?

२

या विषयावर गंभीरपणे लिहिणाऱ्यांत रोलाँ बार्थ याचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात त्याने कुस्तीवरच्या निबंधाला पहिले स्थान दिले. मल्लाचा देह हेच एक चिन्ह आहे, तो रिंगणात उतरताच प्रेक्षकाला त्याची नीतिमत्ता वाचता येते आणि प्रेक्षकाला निकालापेक्षा न्यायाचे दर्शन हवे असते, हे त्याचे प्रतिपादन आजही टिकून आहे. अमेरिकेतल्या कुस्तीला राजकीय रंग असतो आणि तिथला दुष्ट मल्ल कम्युनिस्ट मानला जातो, अशीही टिप्पणी तो जाता जाता करतो.

बार्थची अडचण अशी, की त्याने पाहिली ती एक रात्र. त्याच्या विवेचनात खलनायक रिंगणात येतो, दुष्टपणा करतो, शिक्षा भोगतो आणि संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस कुठे जातो, हा प्रश्न बार्थला पडत नाही. अमेरिकी खलनायकाचा विचार करताना मात्र तो टाळता येत नाही.

त्या काळात अमेरिकेतल्या कुस्तीचा धंदा इलाख्यांत विभागलेला होता. १९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी काही प्रवर्तकांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ स्थापन केली. प्रत्येकाने आपापला मुलूख सांभाळावा, दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये आणि सर्वांनी मिळून एक जगज्जेता मानावा, अशी ही व्यवस्था होती. ती इतकी आवळलेली होती, की सरकारच्या न्यायखात्याने मक्तेदारीचा आक्षेप घेतला आणि १९५६ मध्ये अलायन्सला तडजोडीच्या न्यायालयीन आदेशाला मान्यता द्यावी लागली. तरीही इलाखे पुढची सुमारे तीस वर्षे टिकले.

या व्यवस्थेत नायक स्थानिक असे आणि खलनायक फिरता. न्यूयॉर्कमध्ये इटालियन स्थलांतरितांची वस्ती मोठी, म्हणून तिथला नायक इटलीत जन्मलेला ब्रुनो सामार्तिनो. १९६३ पासून जवळजवळ आठ वर्षे त्याने विजेतेपद राखले. लोकांना तो आपल्या गल्लीतला वाटे, त्यामुळे त्याला हलवायची गरज नव्हती. खलनायकाचे तसे नव्हते. तो आला, नायकाला छळले, महिनोन्‌महिने गर्दी खेचली आणि अखेरीस हरला, की त्या मुलखातले त्याचे काम संपले. मग बिऱ्हाड गाडीत घालून पुढचा इलाखा. तिथे पुन्हा शून्यापासून द्वेष कमवायचा. सुगीच्या दिवसांत तमाशाचे फड जत्रेमागून जत्रा करतात, तसाच हा संसार होता. फरक एवढाच, की फडाला लोक बोलावतात आणि याला हाकलून देण्यासाठी तिकीट काढतात.

३

ब्लासीचा जन्म ८ फेब्रुवारी १९१८ रोजी सेंट लुईस शहरात, जर्मन स्थलांतरित कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता आणि परतल्यावर काही काळ ‘सेलर’ म्हणजे खलाशी हे बिरूद लावून लढला. युद्धातून आलेला खलाशी म्हणजे सहानुभूतीचे आयते भांडवल. पण त्या भांडवलावर त्याचे नाव झाले नाही. ते झाले पन्नासच्या दशकात जॉर्जियात, खलनायक म्हणून. दक्षिणेकडचे विजेतेपद त्याने तिथे पुन्हा पुन्हा मिळवले.

कळसाचा काळ लॉस एंजेलिसचा. १२ जून १९६१ रोजी एदुआर कार्पांतियेला हरवून तो तिथल्या ‘वर्ल्ड रेसलिंग असोसिएशन’चा जगज्जेता झाला, तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस होते. हे विजेतेपद त्याने एकूण चार वेळा मिळवले. कार्पांतिये हवेत कोलांट्या घेणारा चपळ मल्ल होता. ब्लासीपाशी त्या तोडीचे कसब नव्हते आणि त्याचा आव आणायची त्याला गरजही वाटली नाही. त्याचे खरे हत्यार होते तोंड, आणि तेही दोन्ही अर्थांनी. तो चावायचा आणि तो बोलायचा. निवेदक डिक लेन याच्यासमोर उभा राहून तो प्रेक्षकांना ‘पेन्सिल-मानेचे’ म्हणून हिणवी. कॅमेऱ्यापुढे कानस घेऊन दात घासत बसे, जणू न्हावी वस्तऱ्याला धार लावतो आहे. केस सोनेरी रंगवलेले आणि स्वतःच्या रूपाची तारीफ अखंड चाललेली.

या अभिनयात काय नव्हते, तेही पाहिले पाहिजे. शीतयुद्ध ऐन भरात असताना ब्लासी रशियन झाला नाही. जर्मन वंशाचा असूनही नाझी झाला नाही, आणि त्या काळात तसे सोंग घेणारे मल्ल थोडे नव्हते. बार्थच्या टिप्पणीला हा माणूस सणसणीत अपवाद आहे. त्याचा दुष्टपणा आत्मप्रौढी, कुचेष्टा आणि कपट या जुन्याच दोषांतून रचलेला होता. हे दोष प्रत्येक गल्लीत सापडतात, म्हणून ते प्रत्येक इलाख्यात चालत. निळू फुले यांच्या सरपंचाला महाराष्ट्रातल्या बायकांनी शिव्या दिल्या, त्या कुठल्या जमातीच्या द्वेषापोटी दिल्या नव्हत्या. तसा माणूस त्यांनी गावात पाहिला होता. सेवादलातल्या सज्जन माणसाला हे सोसावे लागले, ती त्याच्या कलेला मिळालेली पावती होती.

ब्लासीला पावती अधिक क्रूर मिळाली. आपल्याला प्रेक्षकांनी एकवीस वेळा भोसकले, असे तो सांगत असे. येथे अभ्यासकाने सावध राहायला हवे. कुस्तीच्या धंद्यात ‘केफेब’ नावाचा अलिखित नियम होता : रिंगणातले सोंग रिंगणाबाहेरही सोडायचे नाही. त्यामुळे ब्लासीच्या मुलाखती आणि २००३ मध्ये निघालेले आत्मचरित्र हाही भूमिकेचाच विस्तार ठरतो. एकवीस हा आकडा पुरावा म्हणून घेता येणार नाही. पण त्या काळी खलनायकांवर चाकू चालत, हे धंद्यातले सर्वज्ञात सत्य होते.

४

आतापर्यंतच्या विवेचनावरून ब्लासीचा द्वेष स्वकष्टार्जित होता, असे म्हणावेसे वाटते. जपानचा अध्याय या निष्कर्षाला धक्का देतो.

२८ मार्च १९६२ रोजी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये रिकिडोझानने ब्लासीला हरवले आणि पुढच्या महिन्यात ब्लासी जपानमध्ये उतरला. रिकिडोझान हा पराभूत जपानचा राष्ट्रीय नायक होता. धिप्पाड गोऱ्या मल्लांना कराटेच्या फटक्यांनी लोळवणारा हा माणूस पाहायला लोक रस्त्यावरच्या दूरचित्रवाणी संचांसमोर हजारोंनी जमत. आपल्याकडे ठाऊक असलेल्या किंगकाँगलाही त्याने १९५५ मध्ये जपानमध्ये हरवले होते. अशा रिंगणात ब्लासीला वेगळे काही करावे लागले नाही. तो अमेरिकी होता, गोरा होता आणि चावत होता. युद्ध, बाँब आणि परकीय लष्कराचा ताबा यांनी प्रेक्षकांच्या मनात जे साठवून ठेवले होते, त्याने उरलेले काम केले. ज्या माणसाने मायदेशी राष्ट्रद्वेषाचे भांडवल वापरले नाही, त्याला परदेशी ते न मागता मिळाले.

या प्रयोगातल्या इतर भूमिकाही तपासण्याजोग्या आहेत. ब्लासीच्या चाव्याने रक्तबंबाळ झालेला ग्रेट टोगो हा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जन्मलेला होता. अमेरिकी रिंगणांत त्याने वर्षानुवर्षे कपटी जपान्याचे सोंग वठवून शिव्या खाल्ल्या होत्या. तोच इथे जपानी बाजूचा बळी म्हणून रक्त सांडत होता. खुद्द रिकिडोझान मूळचा कोरियन होता आणि ही गोष्ट त्याच्या हयातीत जपानी जनतेपासून लपवून ठेवण्यात आली. म्हणजे जपान विरुद्ध अमेरिका या लढतीत जपानची बाजू एक कोरियन आणि एक अमेरिकी सांभाळत होते. ज्याचे राष्ट्रीयत्व सोंगाचे नव्हते असा या तिघांत एकटा ब्लासीच उरतो. पुढे त्याने जपानी स्त्रीशी लग्न केले आणि तो संसार अखेरपर्यंत टिकला.

यातून निघतो तो निष्कर्ष असा, की खलनायकाचा द्वेष पूर्णपणे त्याचा कधीच नसतो. मुलूख बदलला की त्याच चाव्याचा अर्थ बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये तो एका गर्विष्ठ माणसाचा दुष्टपणा होता, कोबे-टोकियोत तो एका राष्ट्राने घेतलेला चावा झाला.

५

एकाच मुलखात खलनायक फार काळ राहिला तर काय होते, याचेही उत्तर या कारकिर्दीत आहे. लॉस एंजेलिसला ब्लासी वारंवार परतत राहिला आणि हळूहळू लोक त्याच्या शिव्यांवर हसू लागले, मग टाळ्या देऊ लागले. तो सुधारला नव्हता. तो फक्त त्यांचा झाला होता. मे १९७१ मध्ये जॉन टोलोस या मल्लाने डॉक्टरच्या पिशवीतली, रक्त थांबवण्यासाठी वापरतात ती पूड ब्लासीच्या डोळ्यांत फेकली. ब्लासी आंधळा झाला, निवृत्त झाला, अशी हूल उठवण्यात आली. २७ ऑगस्ट १९७१ रोजी तो सूड घ्यायला लॉस एंजेलिस कोलिसियममध्ये उतरला, तेव्हा २५,८४७ प्रेक्षक हजर होते. दहा वर्षांपूर्वी त्याचा पराभव पाहण्यासाठी पैसे मोजणारे शहर आता त्याच्या बाजूने ओरडत होते. द्वेष हा ओळखीचाच एक प्रकार आहे आणि ओळख जुनी झाली की तिच्यात जिव्हाळा शिरतो, हे या रात्रीइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

६

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ब्लासीचे शरीर थकले आणि न्यूयॉर्कच्या कंपनीत तो हातात काठी घेतलेला व्यवस्थापक झाला. २६ जून १९७६ रोजी टोकियोत अंतोनियो इनोकीशी झालेल्या लढतीत मुहम्मद अलीच्या बाजूला तो उभा होता. पण उत्तरार्धातले त्याचे मुख्य काम दुसरेच होते. त्याच्या पदरी आयर्न शेख हा इराणी आणि निकोलाय वोल्कॉफ हा रशियन म्हणून वावरणारा मल्ल आला. तेहरानच्या ओलीस प्रकरणाची जखम ताजी असताना इराणी झेंडा फडकवणे आणि रेगनच्या काळात सोव्हिएत राष्ट्रगीत गाणे, एवढ्यावर सभागृह पेटत असे. २३ जानेवारी १९८४ रोजी हल्क होगनने शेखला हरवले, तेव्हा शेखच्या बाजूला ब्लासी होता. त्याच सुमारास ही न्यूयॉर्कची कंपनी इतरांच्या हद्दी ओलांडून देशभर पसरू लागली आणि इलाख्यांची व्यवस्था मोडली.

या दोन घटना एकत्र वाचायला हव्यात. फिरत्या खलनायकाला दर मुलखात नव्याने ओळख करून द्यावी लागे, त्यासाठी बोलणे, देहबोली आणि सवडीने रचलेली कुरापत लागे. देशभर एकाच वेळी प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीला तेवढी सवड नव्हती. तिला सर्व प्रांतांत एकाच क्षणी कळेल असा दुष्ट हवा होता आणि झेंडा ती गरज भागवतो. म्हणून बार्थची टिप्पणी ब्लासीच्या उमेदीच्या काळाला लागू पडत नाही, ती त्याच्या म्हातारपणाला लागू पडते. स्वतःच्या तोंडाच्या बळावर द्वेष कमावणारा कलावंत अखेरीस वर्तमानपत्रातल्या द्वेषाचा मध्यस्थ झाला. हा त्याचा व्यक्तिगत ऱ्हास म्हणावा की बाजारपेठेच्या आकाराचा परिणाम, असा प्रश्न केला तर माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे. पण त्याने ते काम नाखुशीने केले, असेही कुठे दिसत नाही.

१९८९ मध्ये नियमनातून सुटका व्हावी म्हणून या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला खेळ केवळ करमणूक असल्याचे मान्य केले. जे गुपित राखण्यासाठी एका पिढीने चाकूचे वार सोसले, ते कराच्या आणि परवान्याच्या हिशेबात सोडून देण्यात आले. मे २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभागृहात चाकांच्या खुर्चीतून ब्लासी अखेरचा लोकांसमोर आला आणि सभागृहाने त्याचा जयजयकार केला. २ जून रोजी तो वारला.

खोट्या कुस्तीत खरे काय असते, असे विचारणाऱ्याला या कारकिर्दीतून एक उत्तर मिळते. तिथे प्रेक्षकाचा राग खरा असतो आणि तो कोठून आला हे शोधता येते. ब्लासीच्या प्रत्येक मुक्कामावर तो राग वेगळ्या झऱ्यातून आला : जॉर्जियात आणि लॉस एंजेलिसमध्ये गर्विष्ठ माणसाविषयीच्या चिडीतून, जपानमध्ये हरलेल्या युद्धातून, न्यूयॉर्कमध्ये रोजच्या बातम्यांतून. आपल्या पडद्यावरच्या आणि व्यासपीठावरच्या खलनायकांचीही अशीच झडती घेता येईल. त्यांच्यापैकी कोणाला आपण त्याच्या करणीसाठी शिव्या देतो आणि कोणाला केवळ त्याच्या हातातल्या झेंड्यासाठी, एवढे वेगळे करून पाहिले तरी पुष्कळ काही कळेल, आणि त्यातले बरेचसे आपल्याविषयीचे असेल.