लोकप्रतिनिधि कसा वाचावा ?

ग्रंथाचें परीक्षण करणाऱ्यानें तो साद्यंत वाचलेला असावा, हा टीकेचा पहिला नियम होय. लोकप्रतिनिधीच्या बाबतींत मात्र तो आपण सहसा पाळीत नाहीं. त्याचीं दोन व्याख्यानें ऐकून किंवा निवडणुकीच्या धामधुमींत भिंतीवरील त्याची तसबीर पाहून आपण मोकळे होतों. वास्तविक कायदेमंडळाच्या सभासदाचा खरा ग्रंथ तीन प्रकरणांचा असतो. त्यानें मतें कशीं दिलीं, स्वतः होऊन कोणतीं बिलें मांडलीं, आणि त्याच्या सार्वजनिक आयुष्याचा खर्च कोणाच्या थैलींतून चालला, हीं तीं प्रकरणें. अलीकडे यांचीं आयतीं कोष्टकें मिळूं लागलीं आहेत, ही संतोषाची गोष्ट खरी. परंतु कोष्टक पाहणें निराळें आणि ग्रंथ वाचणें निराळें. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून आमच्या वाचकांच्या परिचयाचेंच उदाहरण आम्ही घेतों. तें नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें.

गोखले १८९९ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत गेले, आणि १९०२ पासून १९१५ सालीं मृत्यु येईपर्यंत वरिष्ठ कायदेकौन्सिलांत होते. प्रथम बिलांचें प्रकरण उघडूं. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. त्यांतील मागणी किती माफक होती पाहा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस असावा. तोही जेथें आधींच ठराविक प्रमाणांत मुलें शाळेंत जात असतील तेथेंच, आणि सरकारच्या संमतीनें. ज्या पालकाची प्राप्ति दरमहा १० रुपयांहून कमी, त्याच्या मुलास फी माफ असावी. वाढीव खर्चाचे दोन हिस्से सरकारनें सोसावे, एक हिस्सा स्थानिक संस्थेनें. इतकें सौम्य बिलही मार्च १९१२ मध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें.

कोष्टक मांडणारा येथें अपयशाची खूण करून पुढें जाईल. पण बिल पडणार हें गोखल्यांस ठाऊक होतें, व तसें त्यांनीं कौन्सिलांत बोलूनही दाखविलें होतें. मग तें मांडलें कशासाठीं ? आमच्या मतें याचें उत्तर असें कीं, मतें मोजलीं गेलीं म्हणजे प्रत्येकास आपली बाजू उघड करावी लागते. गरिबाच्या मुलासाठीं कोण उभा राहिला आणि कोण राहिला नाहीं, याची त्या दिवशीं कायमची नोंद झाली. पुढें १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांनीं मुंबई इलाख्यांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला. आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. हरलेलें बिलही असें वाट पाडून जातें.

मतांच्या प्रकरणांत मात्र गोखल्यांच्या भक्तांची अडचण होते. १९०७ सालीं राजद्रोही सभांच्या बिलास त्यांनीं विरोध केला. पण छापखान्यांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारास देणाऱ्या १९१० च्या बिलाविरुद्ध त्यांनीं मत दिलें नाहीं. नाशिकच्या कलेक्टराच्या खुनानंतरचे ते दिवस होते, ही गोष्ट जमेस धरूनही आम्हांस ती त्यांची चूकच वाटते. ती झांकून त्यांचें चरित्र लिहिणें म्हणजे नको तीं पानें फाडून ग्रंथाची स्तुति करणें होय.

आतां तिसरें प्रकरण. फर्ग्युसन कॉलेजांत गोखल्यांनीं दरमहा ७५ रुपयांवर काम केलें. १९०५ सालीं त्यांनीं स्थापिलेल्या भारत सेवक समाजाच्या सभासदानें स्वतःसाठीं पैसा मिळवावयाचा नाहीं, समाज देईल त्यांत संसार चालवावयाचा, अशी शपथ होती. त्यांस निवडून देणारे मूठभर असल्यामुळें निवडणुकीचा खर्च त्यांच्यापुढें नव्हता, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि या प्रकरणानें आधींच्या दोहोंवर प्रकाश पडतो. चुकलेलें मत आणि विकलेलें मत हीं कोष्टकांत सारखींच दिसतात. थैली पाहिल्यावांचून त्यांतील भेद कळत नाहीं. गोखल्यांचें १९१० चें मत चुकलेलें होतें, विकलेलें नव्हतें, असें आम्ही निःशंकपणें म्हणूं शकतों तें यामुळेंच.

आजच्या प्रतिनिधीविषयीं असें म्हणतां येईल काय ? लोकसभेंत बहुतेक बिलें आवाजी मतानें संमत होतात. तेव्हां नांवनिशीवार नोंदच राहत नाहीं. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणाराची जागा धोक्यांत येते, म्हणून नोंद झालेलें मतही त्याचें कीं त्याच्या पक्षाचें, हें सांगणें कठीण. मंत्री नसलेल्या सभासदांचीं अवघीं १४ बिलें स्वातंत्र्यानंतर कायदा झालीं, १९७० नंतर एकही नाहीं. थैलीचें प्रकरण तर निवडणूक रोख्यांनीं २०१८ पासून मोहोरबंदच केलें होतें. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते रोखे घटनाबाह्य ठरविले, आणि कोणी कोणत्या पक्षास किती दिलें हें मतदारास वाचावयास मिळालें.

ही मोहोर फुटली हा मोठा लाभ होय. परंतु फोडलेलें पाकीट कोणी वाचलेंच नाहीं, तर न्यायालयाचे श्रम फुकट जातील. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलांच्या परीक्षेचें प्रगतिपुस्तक बारकाईनें पाहून मगच त्यावर सही होते. त्याच घरांतून मत देण्यास निघण्यापूर्वीं प्रतिनिधीचीं हीं तीन प्रकरणें तितक्याच बारकाईनें पाहिलीं जावींत, एवढीच आमची अपेक्षा आहे.