जनुकसंच-संशोधनातील सहअर्थसहाय्य : हिश्श्याची अट आणि महाविद्यालयीन संशोधक

मोठ्या प्रमाणावरील जनुकसंच-संशोधन हे एका विभागाचे किंवा एका प्रयोगशाळेचे काम राहिलेले नाही, हे आता वेगळे सांगावयास नको. १९९० ते २००३ या काळात चाललेल्या मानवी जनुकसंच प्रकल्पात भारत सहभागी नव्हता. मात्र २००० साली आंतरराष्ट्रीय भात जनुकसंच प्रकल्पात त्याने प्रवेश केला आणि अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाची जबाबदारी स्वीकारली. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी ते काम केले व खर्चाचा भार जैवतंत्रज्ञान विभाग आणि कृषी संशोधन परिषद यांनी उचलला. प्रकल्पाचा निष्कर्ष २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथे खर्च दोघांनी वाटून घेतला होता हे खरे. परंतु ते दोघेही शासनच होते. 'सहअर्थसहाय्य' या संज्ञेचा आजचा अर्थ याहून वेगळा आहे, आणि त्या बदललेल्या अर्थाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२०१५ च्या उच्चतर आविष्कार योजनेत प्रकल्पखर्चाचा पंचवीस टक्के हिस्सा उद्योगाने द्यावा, अशी रचना होती. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ पासून लघुउद्योगांसाठी आणि २००८ पासून व्यापक उद्योग-भागीदारीसाठी ज्या योजना आखल्या, त्यांचेही तत्त्व खर्चवाटणीचेच होते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या 'बायरॅक' या संस्थेकडे त्यांचे काम पुढे गेले. याच विचाराचे सर्वांत मोठे रूप म्हणजे २०२३ च्या कायद्याने अस्तित्वात आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान होय. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी पन्नास हजार कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला. त्यांपैकी केंद्र शासनाचे चौदा हजार कोटी. उरलेले सुमारे छत्तीस हजार कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, दानसंस्था व इतर स्रोतांतून यावयाचे. प्रत्येक अर्जाबरोबर भागीदाराचा धनादेश जोडावा असा याचा अर्थ नव्हे. तथापि एकूण निधीचा बहात्तर टक्के भाग ज्या स्रोतांतून यावयाचा आहे, त्यांची आवडनिवड संशोधनाच्या विषयांवर उमटल्यावाचून राहणार नाही.

हे स्रोत आपल्या परिसरात कोठे आहेत? पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात उद्योगांची वाण नाही. परंतु हा पट्टा प्रामुख्याने मोटारी, दुचाकी, सुटे भाग, ओतकाम आणि यंत्रकाम यांचा आहे. येथील कारखान्याने अभियांत्रिकी महाविद्यालयास यंत्र भेट देणे, विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देणे हे स्वाभाविक होय. त्याच कारखान्याने जीवाणूंच्या जनुकक्रम-निर्धारणासाठी तीन वर्षांचा रोख हिस्सा का द्यावा, या प्रश्नाला त्याच्या वित्त विभागाजवळ उत्तर नसते. यात कारखान्याचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. देशाचा संशोधनखर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगाचा वाटा छत्तीस टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे स्वतःच्या क्षेत्रातील संशोधनावरही जो उद्योग हात आखडता घेतो, त्याने परक्या क्षेत्रात सढळ व्हावे अशी ही अपेक्षा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पिंपरी-चिंचवडमधील दोन-तीन महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या पाण्यातील प्रतिजैविक-रोधक जनुकांचा ऋतुनिहाय अभ्यास योजिला. प्रश्न महत्त्वाचा आहे; नमुने हाताशी आहेत; नदीकाठची वस्ती, रुग्णालये व कारखाने यांची दाटी पाहता अभ्यासक्षेत्र म्हणून हा परिसर उत्तम आहे. जनुकक्रम-निर्धारण बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेता येते आणि त्याचा दरही गेल्या वीस वर्षांत कल्पनेपलीकडे उतरला आहे. खर्च होतो तो सातत्यावर : दोन वर्षे दर पंधरवड्याला नमुने घेणे, ते शीतसाखळीत जपणे, विदासाठवण करणे, तिचे विश्लेषण जाणणारा मनुष्य टिकवून ठेवणे. असा प्रस्ताव हिश्श्याच्या अटीशी आला की त्याचे मूल्यमापन प्रश्नाच्या गुणवत्तेपासून ढळते आणि प्राचार्यांच्या किंवा संस्थाचालकांच्या ओळखीपाळखीकडे सरकते. माझ्या मते या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप हाच होय. ती संशोधकाची क्षमता मोजत नाही, त्याच्या संस्थेचे संबंध मोजते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे बोट दाखविले जाते, म्हणून तोही मार्ग तपासून पाहावा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत २०१९ व २०२० मध्ये दुरुस्त्या होऊन विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या क्षेत्रांतील संशोधनाला स्थान मिळाले. मात्र अनुसूचीचे शब्द नीट वाचावेत. संस्थांच्या यादीत सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठे, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा व शासकीय विभागांच्या स्वायत्त संस्था आहेत. खाजगी संस्थेच्या संलग्न महाविद्यालयाचा त्यात उल्लेख नाही. अशा महाविद्यालयाला उरतो तो दुसरा दरवाजा, म्हणजे केंद्र वा राज्य शासनाने किंवा त्यांच्या यंत्रणांनी आधीच अर्थसहाय्य दिलेला संशोधन प्रकल्प. तेव्हा शासन मंजुरीपूर्वी भागीदाराचे हमीपत्र मागणार आणि भागीदार हमीपत्रापूर्वी शासनाची मंजुरी पाहणार. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातला हा प्रकार आहे. प्राप्तिकराची गोष्टही अशीच. मान्यताप्राप्त संशोधनसंस्था, विद्यापीठे व महाविद्यालये यांना वैज्ञानिक संशोधनासाठी दिलेल्या देणगीवर कलम ३५ अन्वये पूर्वी दीडपट व त्याहूनही अधिक वजावट मिळे. १ एप्रिल २०२० पासून ती शंभर टक्क्यांवर आली. देणगीदाराकडून जास्तीची अपेक्षा आणि त्याच्या सवलतीत कपात या दोन गोष्टी तीन-चार वर्षांच्या अंतराने घडल्या.

सहअर्थसहाय्याची कल्पनाच मुळात चुकीची आहे, असे मात्र नव्हे. तिचा एक लक्षणीय दाखला पिंपरीतच आहे. १९५४ मध्ये येथे स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना भागीदारीतूनच उभा राहिला. भारत सरकारने जागा, इमारती व चालू खर्च पाहिला. युनिसेफने यंत्रसामग्री दिली. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ व प्रशिक्षण पुरविले. प्रत्येकाने आपल्याजवळ जे होते ते दिले आणि ते हिस्सा म्हणून धरले गेले. त्या कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचे नाव जीवाणूशास्त्राच्या ग्रंथांत गेले ते अशा रीतीने. कारखाना पुढे आजारी पडला, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

वस्तुरूप आणि श्रमरूप हिस्सा ही आपल्या प्रशासनाला अपरिचित गोष्टही नाही. २००२ च्या स्वजलधारा योजनेत गावाने द्यावयाच्या दहा टक्के लोकवर्गणीचा काही भाग श्रमदानाने वा वस्तूंनी देण्याची मुभा होती. खेड्यातील श्रमाची किंमत लावता येते, तर नमुने गोळा करणाऱ्या प्राध्यापकाच्या तासांची, महाविद्यालयाच्या शीतपेट्यांची, महापालिकेच्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या सहकार्याची किंमत लावणे अशक्य का व्हावे? त्यासाठी दरपत्रक लागेल, लेखापरीक्षणाची पद्धत लागेल. ते काम कंटाळवाणे आहे, म्हणून रोख रकमेचा सोपा मार्ग धरला जातो, असे मला वाटते.

कॅनडाचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. २००० साली स्थापन झालेल्या 'जीनोम कॅनडा' या संस्थेने आरंभापासून प्रकल्पखर्चाचा मोठा भाग इतर स्रोतांतून आणण्याची अट ठेवली, हे खरे आहे. पण त्या अटीबरोबर तिने प्रादेशिक जीनोम केंद्रेही उभी केली. भागीदार शोधणे, प्रस्ताव घडविणे, हिशेब सांभाळणे यांत ही केंद्रे संशोधकाला मदत करतात, आणि इतर स्रोतांत प्रांतिक शासनांचा वाटा भरीव असतो. आपण अट उचलली, केंद्रे उचलली नाहीत. महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत महाविद्यालयीन प्रस्तावांना राज्याचा हिस्सा म्हणून ठरावीक तरतूद करावी. भागीदार जुळविण्याचे काम २०२० मध्ये सुरू झालेल्या पुणे नॉलेज क्लस्टरकडे सोपवावे. करोनाकाळात पुण्यातील संस्थांना विषाणूच्या जनुकक्रम-निर्धारणासाठी एकत्र आणण्याचे आणि दानसंस्थेचे अर्थबळ जोडण्याचे काम या समूहाने केलेले आहे, म्हणून ही सूचना केवळ कागदी नाही.

हे झाले नाही तर काय होईल, याचा अंदाज 'जीनोम इंडिया' प्रकल्पावरून करता येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात वीस संस्था होत्या. त्यांत पुण्याची आयसर होती, मिझोराम विद्यापीठही होते. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याची घोषणा झाली आणि ती फरिदाबाद येथील भारतीय जैवविदा केंद्रात ठेवण्यात आली. प्रकल्पाचे यश निर्विवाद आहे. संलग्न महाविद्यालये मात्र त्या वीसांत नव्हती. विदा खुली झाल्याने महाविद्यालयांना विश्लेषणाची संधी मिळाली, ही जमेची बाजू. परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा, कोणत्या वस्तीतून नमुने घ्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार हिस्सा देणाऱ्याच्या मेजावर राहतो. ज्या महाविद्यालयाजवळ हिस्सा नाही, त्याच्या वाट्याला नमुने गोळा करण्याचे काम येते आणि शोधनिबंधाच्या शेवटी ऋणनिर्देशात एक ओळ. पुढील पाच वर्षांच्या योजनांचे नियम ठरताना वस्तुरूप हिस्सा, राज्याचा वाटा आणि मंजुरीचा क्रम या तीन मुद्द्यांवर विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी लेखी निवेदने पाठविली पाहिजेत. मंजुरी सशर्त द्यावी आणि हमीपत्रासाठी त्यानंतर सहा महिन्यांची मुदत ठेवावी, एवढा एक बदल झाला तरी सातव्या अनुसूचीतील दुसरा दरवाजा महाविद्यालयांना उघडता येईल.