फूल आणि घागर : टिळक दांपत्याच्या साहित्यातील दुःख, निसर्ग आणि ख्रिस्ती श्रद्धा

सारांश : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कवितेत निसर्ग व ख्रिस्ती श्रद्धा यांच्या आधाराने दुःखनिवारणाचा विचार आढळतो. तथापि ज्या श्रद्धेने टिळकांना शांती दिली, तिनेच लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षे मोडला. त्यामुळे टिळकांच्या काव्यातील सांत्वनाचे मूल्यमापन 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाच्या साक्षीवाचून पूर्ण होऊ शकत नाही, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

१. प्रस्तावना :

आधुनिक मराठी कवितेत निसर्गप्रेम आणि ख्रिस्तभक्ती यांचा एकत्र विचार करताना रेव्हरंड टिळकांचे (१८६१-१९१९) नाव प्रथम घ्यावे लागते. 'फुलांचे व मुलांचे कवी' ही त्यांची ओळख इतकी रूढ झाली आहे की, त्यांच्या काव्यातील सांत्वनाकडे कोमल वृत्तीचा एक विशेष म्हणूनच पाहिले जाते. ते सांत्वन कोणाला लाभले, त्याची किंमत काय होती आणि ती कोणी मोजली, हे प्रश्न मात्र मागे पडतात. या प्रश्नांची उत्तरे लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सापडतात. पती-पत्नींचे हे लेखन एकमेकांशेजारी ठेवून वाचणे, हा या लेखाचा हेतू आहे.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. परंतु त्यांचे काही शालेय शिक्षण कल्याण येथे झाले. मुरबाड व शहापूर तालुक्यांना आजही कल्याण हेच बाहेरच्या जगाचे दार आहे. धसईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावात कवितेतील निसर्ग वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तोच निसर्ग भाताच्या लावणीत, डोक्यावरच्या सरपणाच्या मोळीत आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरीतही भेटतो. निसर्ग मनाला दिलासा देतो, हे विधान अशा विद्यार्थ्यासमोर सहज करता येत नाही. ते तपासूनच मांडावे लागते. या दृष्टीनेही प्रस्तुत विषय अध्यापकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

२. दुःखनिवारणाची मराठी पूर्वपरंपरा :

निसर्ग आणि ईश्वरश्रद्धा यांच्या साहाय्याने दुःख पेलण्याची कल्पना टिळकांनी पाश्चात्त्य काव्यातून उसनी घेतली, असे म्हणणे अपुरे ठरेल. दुष्काळात पत्नी व मुलगा गमावलेले तुकाराम भंडारा डोंगराच्या एकांतात गेले आणि तेथील वृक्षवेलींशी त्यांनी सोयरीक जोडली, हे मराठी मनाला पूर्वापार ठाऊक होते. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती. 'अभंगांजली'मध्ये त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचाच छंद स्वीकारला, यातून ही धारणा केवळ बोलण्यापुरती नव्हती हे स्पष्ट होते.

नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबल वाचावयास दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते विशेष भारावले. या प्रवचनात उद्याच्या चिंतेने ग्रासलेल्या माणसाला रानातील फुलांकडे व आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले आहे. म्हणजेच फुले आणि पाखरे ही टिळकांच्या काव्यात येण्यापूर्वी त्यांच्या श्रद्धेच्या मुळाशीच होती. भंडारा डोंगर आणि प्रवचनाचा डोंगर यांची त्यांच्या मनात गाठ पडली, असे म्हणता येईल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

३. टिळकांच्या काव्यातील निसर्ग :

टिळकांचा निसर्ग सर्वस्वी गोड आहे, हा समज 'केवढे हे क्रौर्य' ही एकच कविता दूर करू शकते. जखमी झालेली पक्षीण मरणाच्या दारात असतानाही पिलांच्या काळजीने घरट्याकडे धाव घेते, हा या कवितेचा विषय. येथे निसर्ग सांत्वन करीत नाही. तो स्वतःच सांत्वनाची याचना करतो. माणूस हा दुःख देणारा आहे आणि कवी त्या दुःखाचा साक्षी. लहानपणीच मातृवियोग सोसलेल्या कवीने आईचे काळीज पाखरात पाहावे, हे लक्षणीय आहे; मात्र कवितेचे बळ या चरित्रात्मक संदर्भावर अवलंबून नाही. मुक्या जीवाचे दुःख वाचकाच्या अंगावर सोपविण्यात ते आहे.

'वनवासी फूल' या दीर्घ काव्यात याच्या पुढची पायरी दिसते. कवी आणि रानफूल यांच्यातील हा संवाद एकांतवास श्रेष्ठ की लोकांत राहून केलेली सेवा, या प्रश्नाभोवती फिरतो. दुःखी मन माणसांना कंटाळून रानाकडे वळते, ही अनुभवाची गोष्ट आहे. पण रानात गेलेले मन तेथेच राहिले तर त्याला बरे झाले म्हणावे काय, असा पेच काव्याने उभा केला आहे. टिळकांच्या लेखी निसर्ग हे विसाव्याचे स्थान आहे. ते मुक्कामाचे नव्हे. या विचाराला त्यांच्या श्रद्धेचे अधिष्ठान आहे. गेथशेमाने बागेत रात्री व्याकूळ होऊन प्रार्थना करणारा ख्रिस्त त्या बागेत थांबत नाही, तो पुढे वधस्तंभाकडे जातो.

४. सांत्वनाची दुसरी बाजू :

येथपर्यंतचे विवेचन केवळ टिळकांच्या बाजूने झाले. त्यांचा बाप्तिस्मा ज्या दिवशी झाला, त्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख सुरू झाले. पती हयात असून संसार नाही, माहेर व सासर दोन्हीकडे आप्तांच्या आधाराने राहणे, पदरी लहान मुलगा आणि भोवती लोकांची दूषणे, अशा अवस्थेत त्यांची काही वर्षे गेली. लहान अपत्यांचे मृत्यू त्यांनी त्यापूर्वीच सोसले होते. मुलाच्या मृत्यूचे दुःख समाज समजून घेतो. धर्मांतर केलेल्या पतीच्या विरहाला मात्र समाजाकडे नाव नव्हते आणि विधीही नव्हता.

श्रद्धेने हृदयाच्या जखमा भरून येतात, असे सांगणाऱ्या साहित्यात ही जखम सहसा नोंदविली जात नाही. येथे श्रद्धा औषध आहे आणि घावही आहे. एकाच घटनेने पतीला शांती मिळाली व पत्नी उद्ध्वस्त झाली. टिळकांची कविता या विसंगतीचा पुरता हिशेब देत नाही. तो 'स्मृतिचित्रे' देते, आणि पतीविषयीचे प्रेम किंवा विनोदबुद्धी न गमावता देते. टिळकांचा विसरभोळेपणा, संताप, उधळे औदार्य यांची चित्रे रंगविताना लक्ष्मीबाई स्वतःलाही हसतात. हा विनोद दुःख झाकण्यासाठी आलेला नाही. दुःखाकडे पुरेशा अंतरावरून पाहता येऊ लागल्याची ती खूण आहे.

५. पाण्याची कसोटी :

'स्मृतिचित्रे'मध्ये निसर्गवर्णन फारसे नाही. टिळकांना जेथे फूल दिसते, तेथे लक्ष्मीबाईंना पाणी दिसते. ते कोणी भरले, कोणाच्या हातचे प्यावे, कोणाचा स्पर्श झाल्याने विटाळले, या प्रश्नांनी त्यांचा दिवस बांधलेला असे. पतीकडे परत आल्यावरही प्रारंभी त्यांनी सोवळेओवळे कटाक्षाने सांभाळले. निसर्गाने दिलेले पाणी सर्वांचे. त्यात भेद घातला तो माणसाने. जात देवाने निर्माण केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी निवाडा केला आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. आत्मचरित्रातील हे वळण बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. १९०० मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो या निर्णयानंतर.

हा क्रम समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंचे मन प्रथम मोकळे झाले ते इतर माणसांच्या बाबतीत. देवाविषयीचा निर्णय मागून आला. पतीच्या आग्रहाने मिळालेली श्रद्धा त्यांनी स्वीकारली नाही. स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी त्या तेथे पोहोचल्या. म्हणूनच त्यांचे बरे होणे ही शरणागती वाटत नाही. पुढे अनाथ मुलांना घरात आसरा देणे, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करणे या कामांत त्यांचे दुःख कोठे विरून गेले, ते त्या सांगत नाहीत. सांगण्याची गरज उरली नव्हती. त्यांच्या कवितासंग्रहाला 'भरली घागर' हे नाव लाभले, ते या प्रवासाशी सुसंगत आहे.

६. बालकवी : एक तुलना

अहमदनगरला टिळकांच्या घरात काही काळ राहिलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी (१८९०-१९१८) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात गौरविल्या गेलेल्या या कवीला टिळक दांपत्याचे वात्सल्य लाभले होते. निसर्गाची जाण त्यांच्याकडे टिळकांहून सूक्ष्म होती. 'फुलराणी'तील उल्हास मराठीत अपूर्व आहे. परंतु 'औदुंबर' व 'पारवा' यांपर्यंत येताना तोच निसर्ग उदास होतो. माणसाच्या खिन्नतेला तो रंग देतो, उत्तर देत नाही. यावरून बालकवींना श्रद्धा लाभली असती तर ते सुखी झाले असते, असा निष्कर्ष काढणे सर्वथा गैर होईल. त्यांची उदासी हे मराठी कवितेचे धन आहे. एवढेच म्हणता येते की, निसर्ग हा मनाचा आरसा आहे. जे मन त्यात पाहते, त्याचेच रूप तो परत करतो. कलेच्या दृष्टीने बालकवी श्रेष्ठ ठरतील. सांत्वनाच्या दृष्टीने मात्र निसर्गापलीकडे, माणसांकडे नेणारी वाट टिळकांनी दाखविली आणि लक्ष्मीबाईंनी चालून पाहिली.

७. समारोप :

टिळक १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपूर्ण होते. त्यातील उर्वरित बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या श्रद्धेमुळे एकेकाळी त्यांचे घर मोडले, त्याच श्रद्धेचे काव्य पूर्ण करण्याचे काम त्यांनी आपणहून हाती घेतले. या कृतीत क्षमा आहे, तसाच अधिकारही आहे : पतीची कथा आता त्यांचीही झाली होती.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) टिळकांच्या काव्यातील निसर्ग व ख्रिस्तश्रद्धा यांचे नाते वारकरी परंपरेशी सलग आहे, ते केवळ पाश्चात्त्य प्रभावाने स्पष्ट होत नाही.

२) टिळकांच्या काव्यात निसर्ग हा विसावा आहे, दुःखनिवारणाची पूर्तता सेवेत होते.

३) श्रद्धा एकाला दिलासा देताना दुसऱ्याला घायाळ करू शकते, ही बाब 'स्मृतिचित्रे'मुळे प्रकाशात येते. म्हणून टिळकांची कविता शिकविताना 'स्मृतिचित्रे'तील संबंधित भाग सोबत वाचणे आवश्यक आहे.

४) लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मन बरे होण्याचा आरंभ माणसामाणसांतील विटाळाची कल्पना सोडण्यात झाला. आशेची ही वाट कोणत्याही धर्माच्या वाचकाला खुली आहे, आणि पाणवठ्यावरचे भेद आजही पुरते पुसले न गेलेल्या आपल्या खेड्यापाड्यांत ती पुन्हा पुन्हा दाखवून देण्याजोगी आहे.